आरोग्याचे धोरण कोण ठरवितो?

(छत्रपती संभाजीनगर येथे रविवारच्या सभेत केलेले भाषण)



आज मी कोणत्याही रोगावर बोलणार नाही. मी डॉक्टर नसून वकील आहे, आणि वकिलाने औषध सांगू नये हे सर्वांच्याच प्रकृतीला मानवणारे आहे. मला बोलावयाचे आहे ते औषधाच्या खिडकीमागे जो कागद फिरत असतो त्याविषयी. तो कागद कोण लिहितो, कोठे लिहितो, लिहिताना कोणाला विचारतो आणि कोणाला विचारीत नाही, ह्याचा अभ्यास करणारे एक शास्त्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगात उभे राहिले आहे. आपल्यासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आरोग्याचे धोरण कसे घडते, हा त्याचा विषय. विद्यापीठातील मंडळी त्यावर ग्रंथ लिहितात. माझे म्हणणे असे की, त्या शास्त्राची गरज विद्यापीठापेक्षा तुमच्या घरांना अधिक आहे.

काही आठवड्यांपूर्वी एक बाई माझ्या कचेरीत आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्या संसार चालवितात. त्यांचे यजमान एका सरकारी रुग्णालयात आठ दिवस पडून होते. रुग्णालय कोणते ते मी सांगणार नाही. ही हकीकत सांगावयास एकाच रुग्णालयाचे नाव घेणे अन्यायाचे होईल. डॉक्टरांनी तपासले, मन लावून तपासले आणि हातात चिठ्ठी दिली. औषधाच्या खिडकीवर उत्तर मिळाले, "शिल्लक नाही, बाहेरून आणा." बाईंनी कानातले गहाण ठेवून ती इंजेक्शने बाहेरच्या दुकानातून आणली. साऱ्या चिठ्ठ्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. ती पिशवी माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, त्या खिडकीवरच्या पोरीवर केस करा. लई तोंड वर करून बोलली."

मी विचारले, "तिने औषध लपवून ठेवले होते का?"

"नाही. कपाटं उघडीच होती. रिकामी होती."

"मग केस कोणावर करायची?"

ह्याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. खरे सांगावयाचे तर त्या दिवशी माझ्याजवळही पुरते नव्हते. इतकी वर्षे दावे लढवून प्रतिवादी कोण हे मला सांगता येऊ नये, ह्याची मला लाज वाटली.

आपण वाट काढू या. साधारणतः साखळी अशी असते. खिडकीवरची मुलगी म्हणते, भांडारातून माल आला नाही. भांडारपाल म्हणतो, मागणीपत्र कधीच गेले आहे. वरची कचेरी म्हणते, दर ठरलेला नाही. दर ठरविणारे म्हणतात, निविदेला पुरवठादार फिरकत नाही, कारण त्याची मागील बिले थकली आहेत. बिले थकली, कारण अनुदान वेळेवर सुटले नाही. अनुदान अर्थसंकल्पातून येते आणि अर्थसंकल्पाला मंजुरी देतात ते तुम्ही निवडून दिलेले आमदार. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात 'सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये' हा विषय राज्यसूचीत घातलेला आहे. दिल्लीहून निधी येतो, योजना येतात. परंतु रुग्णालयाची जबाबदारी मुख्यतः मुंबईची. शिवाय ज्याला तुम्ही एकाच नावाने 'सरकारी दवाखाना' म्हणता त्याचे मालक निरनिराळे आहेत. ज्या रुग्णालयाला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो ते १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचे. खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या हाताखाली, आणि शहरातील गल्लीतला दवाखाना महानगरपालिकेचा. एकाच तापाचा रोगी तीन दारांत गेला की तीन निरनिराळ्या धोरणांशी त्याची गाठ पडते.

ह्या साखळीतील औषधखरेदीचा दुवा आपल्या राज्यात कसा बदलला ते पाहा. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव प्लेगच्या लशीमुळे प्रसिद्ध आहे. त्याच नावाने लशी व औषधे बनविणारे जे शासकीय महामंडळ आहे, त्याच्याकडे २०१७ साली राज्याने सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण ह्या खात्यांची औषधखरेदी सोपविली. कल्पना वाईट नव्हती. प्रत्येक खात्याने आपापली खरेदी करण्यापेक्षा एकाच ठिकाणी, घाऊक भावात खरेदी व्हावी, हा हेतू योग्यच होता. तामिळनाडूने १९९४ साली ह्याच हेतूने स्वतंत्र महामंडळ काढले आणि ते नावारूपास आले. परंतु तामिळनाडूने केवळ महामंडळ काढले नव्हते. त्यांनी जिल्ह्यांत गोदामे बांधली, साठ्याची नोंद संगणकावर आणली आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेच्या पासबुकासारखे एक पासबुक दिले. कोणाच्या नावावर किती रकमेचे औषध शिल्लक आहे हे त्यात दिसे. आपण नाव घेतले, पासबुक घेतले नाही. लशी बनविणाऱ्या संस्थेला असंख्य जातींच्या औषधांची व यंत्रांची खरेदी एका आदेशाने जमणार कशी? खरेदीला उशीर होतो ही तक्रार वर्षानुवर्षे झाली, आणि अखेर २०२३ साली विधिमंडळाने कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी वेगळे प्राधिकरण निर्माण केले. मधली सहा वर्षे गेली. ती कोणाच्या खिशातून गेली हे पिशवीतल्या चिठ्ठ्यांवरून कळते.

त्याच २०२३ सालच्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत तीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यांत नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतः होऊन दखल घेतली. मृत्यूंचे कारण औषधांचा तुटवडा नव्हे, असे शासनाचे म्हणणे होते. त्याचा निवाडा मी येथे करीत नाही. परंतु न्यायालयाने माहिती मागितली ती कशाची हे लक्षात घ्या. रिक्त जागा किती, खरेदी कशी होते, अर्थसंकल्पातील तरतूद किती आणि खर्च किती. म्हणजे न्यायमूर्तींचे प्रश्नही खिडकीवर न थांबता वर गेले.

आता ते शास्त्र काय सांगते ते थोडक्यात सांगतो. १९९४ साली लंडनमध्ये अध्यापन करणाऱ्या गिल वॉल्ट आणि ल्युसी गिल्सन ह्या दोन विदुषींनी एक निबंध लिहिला. त्यांची तक्रार अशी होती की, गरीब देशांतील आरोग्यसुधारणांची चर्चा करणारे लोक योजनेत काय लिहिले आहे एवढेच पाहतात. ती कोणत्या परिस्थितीत आली, कोणत्या मार्गाने मंजूर झाली आणि ती घडविणारी माणसे कोण होती, हे विचारीत नाहीत. म्हणून कागदावर उत्तम दिसणारी योजना गावात येऊन आडवी पडते. वकिलाला ही दृष्टी नवीन वाटू नये. कोर्टात आम्ही कज्जाचा विषय पाहण्यापूर्वी पक्षकार कोण आहेत ते पाहतो. त्या निबंधानंतर आशिया-आफ्रिकेतील कितीतरी धोरणे ह्या चार प्रश्नांनी तपासली गेली.

आपणही एक तपासू. आज महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी ह्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यांत एकटे नांदेड होते. आपल्या जिल्ह्याला २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. ह्या योजनेने पुष्कळांचे प्राण वाचविले आहेत, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या हृदयाची शस्त्रक्रिया तिच्यातूनच झाली. परंतु ती दाखल झालेल्या रोग्याच्या ठरावीक उपचारांचे पैसे देते. रोज घ्यावयाच्या रक्तदाबाच्या गोळीचे पैसे तिच्यात नाहीत. गोळी वेळेवर मिळाली असती तर पुढचा खर्च कदाचित टळला असता, तरी धोरणाने शस्त्रक्रिया आधी का निवडली? शस्त्रक्रियेला मोठे बिल असते, बिल मागणारे रुग्णालय असते आणि त्या रुग्णालयाचा आवाज मुंबईपर्यंत पोहोचतो. रक्तदाबाच्या गोळीचे उद्घाटन करता येत नाही. हे माझे अनुमान आहे. परंतु कोणी ते खोडून काढले तर ऐकावयास मी तयार आहे.

आता पूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग सांगतो, कारण तो ह्या शास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात शोभेल. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात रजा व भत्ता देण्याचे बिल आले. भत्ता द्यावयाचा होता तो कारखानदाराने. तेव्हा हा बोजा उद्योगावर का, असा आक्षेप येणे क्रमप्राप्तच होते. बाबासाहेब बिलाच्या बाजूने बोलले. त्यांचा युक्तिवाद पाहा. प्रसूतीपूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे, म्हणून ह्या खर्चाचा मोठा भाग वास्तविक सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी प्रथमच मान्य केले. पण स्त्रियांना कामावर लावण्यात मालकाला अधिक फायदा दिसतो म्हणूनच तो त्यांना लावतो. तेव्हा त्याने काही भार सोसला पाहिजे, हेही त्यांनी ठणकावून सांगितले. खर्च कोणाचा, लाभ कोणाचा आणि कर्तव्य कोणाचे, हे तीन प्रश्न त्यांनी वेगळे केले. १९२९ साली मुंबई प्रांताचा तो कायदा झाला.

परंतु त्या कायद्याची हद्द कोणती होती? कारखान्याची भिंत. शेतावर, रस्त्यावर, खडीवर काम करणारी बाई त्या भिंतीच्या बाहेर राहिली. पुढे १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला आणि तो आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला. तरीही ज्या बाईला मालक कोण हेच दाखविता येत नाही तिच्या हाती रजा कशी पडावी?

ती बाई पाहावयास दूर जावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना आणि आपल्याही जिल्ह्यातून ट्रॅक्टर-ट्रका भरून नवराबायको पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. दोघांचा मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांत पोटात कळ आली तरी मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. फडात संडास नाही, न्हाणीघर नाही, डॉक्टरीण नाही. अशा बाईला कोणी खाजगी दवाखान्यात सांगितले की पिशवी काढून टाक, नाहीतर कर्करोग होईल, तर ती काढून टाकते. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली ह्या प्रकरणाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

ह्या १३,८६१ शस्त्रक्रिया कोणत्याही शासननिर्णयाने झाल्या नाहीत. कोणत्याही मंत्र्याने त्यावर सही केली नाही. आणि तरीही मी त्यांना धोरण म्हणतो. साखर कारखान्याने म्हणावे, मजूर मुकादमाचा. मुकादमाने म्हणावे, मी तर मध्यस्थ. कामगार खात्याने म्हणावे, आमच्या नोंदवहीत नाव नाही. आरोग्य खात्याने म्हणावे, ही बाई सहा महिने आमच्या केंद्राच्या हद्दीतच नसते. चार ठिकाणी निर्णय न घेतल्याने जे घडले त्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्याइतकीच आहे. अभ्यासक ज्याला विषयपत्रिका म्हणतात, तिच्यावर ही बाई आलीच नाही. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. नियम चांगला आहे. पण तो शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभा आहे; फडातील खाडा, दंड आणि संडास ह्यांना त्याने स्पर्श केलेला नाही.

ह्याच जातीची दुसरी गोष्ट तुमच्या कपाटातल्या कागदांत आहे. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी धम्म स्वीकारला. केंद्राच्या यादीत अनुसूचित जाती म्हणून बौद्धांना स्थान मिळाले ते १९९० साली, कायद्यात दुरुस्ती झाल्यावर. महाराष्ट्र शासनाने आपल्या सवलती १९६० पासूनच दिल्या होत्या. म्हणजे तीस वर्षे एकच कुटुंब राज्याच्या खिडकीवर पात्र आणि केंद्राच्या खिडकीवर अपात्र होते. आरोग्याच्या योजनांतही 'अनुसूचित जाती' हे शब्द येतात. २००५ सालची जननी सुरक्षा योजना घ्या. तेव्हा नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना माझी विनंती आहे की, घरात गरोदर सून असेल तर जातीचा दाखला तिच्या नवव्या महिन्यात शोधावयास घेऊ नका. दाखल्यातील नोंद आजच वाचा आणि शंका असल्यास मजकडे आणा.

कोणी विचारील, हे सारे असेच चालावयाचे काय? थायलंडकडे पाहा. तेथे २००१ साली तीस बाथ, म्हणजे अगदी किरकोळ रक्कम, भरून उपचार देण्याची योजना आली आणि २००२ साली तिचा कायदा झाला. बौद्ध राष्ट्र म्हणून हे झाले असे समजून टाळ्या वाजवू नका. बौद्ध राष्ट्र ते शतकानुशतके आहेच. झाले ते दोन कारणांनी. खेड्यापाड्यांतील रुग्णालयांत उमेदीची वर्षे काढलेल्या डॉक्टरांनी बरीच वर्षे खपून हिशेब मांडून ठेवला होता, की एका माणसामागे किती खर्च येतो आणि तो राज्याला पेलतो काय. आणि लोकसंघटनांनी, त्यांच्या घटनेने दिलेला हक्क वापरून, पन्नास हजारांहून अधिक सह्यांनिशी आपला स्वतःचा कायद्याचा मसुदा पुढे ठेवला. ती योजना चालविणाऱ्या मंडळावर लोकसंस्थांचे प्रतिनिधी कायद्यानेच बसतात. खर्चाचे प्रत्येक कलम मंजूर होताना समोर रोग्याच्या बाजूचा कोणीतरी असतो.

आपल्याकडे अशी जागा अगदीच नव्हती असे नाही. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली मराठवाड्याचे विकास मंडळ १९९४ साली ह्याच शहरात स्थापन झाले. निधीचे वाटप समन्यायी झाले काय हे पाहणे हा त्यामागील हेतू. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. करोनाची टाळेबंदी चालू होती, आणि आरोग्याच्या अनुशेषाचा प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारावयाच्या वेळी विचारणारे दार बंद झाले. २००७ साली राज्यातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. मराठवाड्यातून त्यांत तेव्हाचे उस्मानाबाद, आताचे धाराशिव, होते. गावकऱ्यांनी केंद्राला गुण द्यावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष उत्तर द्यावयाचे, अशी ती पद्धत. अधिकाऱ्याला समोर बसवून रिकाम्या कपाटाचा जाब विचारता येतो, हे त्या खेड्यांतील बायकांनी करून दाखविले.

आकड्यांविषयी दोन शब्द, कारण सभेत कोणीतरी ते तुमच्या तोंडावर फेकील. देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात ३९.४ टक्क्यांवर आला आहे. सुधारणा आहे, नाकारू नका. परंतु २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासनाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते आणि त्याच २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. शिवाय सरासरीत कानातले दिसत नाही.

आता त्या बाईंच्या कामाकडे येतो. केस आम्ही अद्याप केली नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तुम्हांपैकी पुष्कळांना माहीत आहे; पण त्याच्या चौथ्या कलमातील दोन पोटकलमे फारशी कोणी वाचीत नाही. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण आखताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती शासनाने प्रसिद्ध केली पाहिजे, असे एक सांगते. आणि ज्या माणसावर निर्णयाचा परिणाम झाला त्याला त्या निर्णयाची कारणे दिली पाहिजेत, असे दुसरे. ही दोन पोटकलमे म्हणजे ह्या सबंध शास्त्राची किल्ली आहे, आणि ती दहा रुपयांत मिळते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत. प्राणाचा प्रश्न असेल तर उत्तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावे लागते, एरवी तीस दिवसांत. उत्तर न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे.

बाईंच्या अर्जात आम्ही मुलीचे नाव घातले नाही. त्या इंजेक्शनाची मागणी कोणत्या तारखेला वर गेली, ती कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली, खरेदीचा आदेश कधी निघाला, त्या वर्षी त्या रुग्णालयाला औषधासाठी किती अनुदान मंजूर झाले व किती प्रत्यक्ष मिळाले, आणि साठा नसताना स्थानिक खरेदी का केली नाही, एवढेच विचारले. अर्ज वाचून दाखविल्यावर बाई म्हणाल्या, "ह्यात तर त्या पोरीचं काहीच नाही." मी म्हटले, "तिच्या हातात काही नव्हते, म्हणून नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि सही केली.

तीस दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते. त्या दिवशी संध्याकाळी मी कचेरीत आहे. ज्यांच्या घरी अशा चिठ्ठ्या असतील त्यांनी त्या घेऊन यावे. चिठ्ठीवर तारीख व रुग्णालयाचा शिक्का असावा, औषधाचे नाव वाचता यावे आणि सोबत दुकानाची पावती असावी. मूळ कागद कोणाला देऊ नका, मलाही नाही. छायाप्रत काढून आणा.